अमेरिकन धावपटूला पगार कोण देतो?

जेसी ओवेन्स आपली शेवटची मान्यताप्राप्त शर्यत धावला तेव्हा त्याला तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर, लांब उडी, २०० मीटर आणि ४×१०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली आणि त्यानंतर आठवडाभरात, लंडनच्या एका स्पर्धेपाशी, त्याची कारकीर्द थांबली. दुखापत झाली नव्हती आणि वेगही ओसरला नव्हता. अमेरिकन ॲथलीटांची चरित्रे आणि जुनी निकालपत्रके चाळण्याचा मला नाद आहे, आणि त्या वाचनात मी पदकांचे रकाने बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट पाहू लागलो आहे, ती म्हणजे हा माणूस थांबला तेव्हा त्याचे वय काय होते. बॉब हेज एकवीस, विल्मा रुडॉल्फ बावीस, एडविन मोझेस तेहतीस, ॲलिसन फेलिक्स छत्तीस. या आकड्यांमागे पायांतली ताकद आहेच, पण त्याहून अधिक त्या त्या काळात त्यांच्या पोटापाण्याची सोय कोणी केली, किंवा कोणी होऊ दिली नाही, हे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे थोडे विचित्र वाटेल. भारतात चांगला धावपटू म्हटला की रेल्वे, सैन्यदल किंवा पोलीस खात्यातील नोकरी आपण गृहीत धरतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात भरती झाला आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, नंतर वळला. अमेरिकेत असा सरकारी आधार जवळपास नाही. तेथील केंद्र सरकार ऑलिंपिक समितीला थेट अनुदान देत नाही. समितीने स्वतः प्रायोजक आणि प्रक्षेपण हक्कांतून पैसे उभे करावेत आणि खेळाडूंनी आपापले पाहावे, अशी ती व्यवस्था आहे. अपवाद लष्कराचा. अमेरिकन लष्कराची निवडक खेळाडूंसाठी एक योजना आहे आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरचे रौप्यपदक जिंकणारा पॉल चेलिमो त्या योजनेतलाच सैनिक होता. साबळे पुढे कोलोराडो स्प्रिंग्जला ज्या स्कॉट सिमन्सच्या हाताखाली सराव करू लागला, त्याच प्रशिक्षकाकडे हे लष्करी धावपटूही तयार होत. बाकी सर्वांच्या बाबतीत मात्र प्रश्न उघडाच राहतो.

ओवेन्सच्या काळात उत्तर सोपे होते, आणि क्रूरही. पगार कोणीच द्यायचा नाही, आणि कोणी देऊ केला तर घ्यायचा नाही. ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन, म्हणजे एएयू, ही संस्था हौशीपणाच्या नियमाची राखणदार होती. खेळातून एक डॉलर कमावला तरी खेळाडू व्यावसायिक ठरे आणि त्याला पुन्हा मैदानात प्रवेश नसे. थोडक्यात, घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. आता ओवेन्सच्या घरी खायला काय होते ते पाहा. अलाबामातल्या खंडकरी शेतकऱ्याचा हा मुलगा, कुटुंबाबरोबर क्लीव्हलँडला आलेला. ओहायो स्टेट विद्यापीठात त्याला खेळाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. कृष्णवर्णीय असल्याने विद्यापीठाच्या आवारात राहण्याची सोय नाही, आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी राज्याच्या विधानभवनात लिफ्ट चालवण्याची नोकरी. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे पाठ दुखत असताना त्याने अवघ्या ४५ मिनिटांत तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवशी त्याने लांब उडी एकदाच मारली. ती ८.१३ मीटरची उडी पुढे पंचवीस वर्षे जागतिक विक्रम म्हणून टिकली. अशी पाऊण तासाची दुपार ॲथलेटिक्समध्ये पुन्हा कोणाच्या वाट्याला आलेली नाही.

बर्लिननंतर एएयूने विजेत्यांना परस्पर युरोपच्या दौऱ्यावर जुंपले. कलोन, प्राग, बोखुम, लंडन अशा प्रदर्शनीय स्पर्धा होत्या आणि त्यांचे उत्पन्न धावणाऱ्यांना मिळणार नव्हते. दमलेल्या ओवेन्सने पुढे स्वीडनला जाण्यास नकार दिला आणि तो घरी परतला. अमेरिकेतून त्याला पैशांचे मोठमोठे प्रस्ताव आल्याच्या बातम्या होत्या. एएयूने त्याला निलंबित केले आणि प्रस्तावांपैकी बहुतेक हवेत विरले. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी हवाना येथे तो ज्युलिओ मॅकॉ नावाच्या घोड्याविरुद्ध १०० यार्ड धावला. त्याला ४० यार्डांची आघाडी देण्यात आली होती आणि तो जिंकला. घोड्यांबरोबर त्याने पुढेही अशा शर्यती लावल्या. युक्ती अशी की सुरुवातीच्या पिस्तुलाचा आवाज घोड्याच्या कानाजवळ झाला की घोडा बिचकतो, आणि तो सावरेपर्यंत माणूस निम्मे अंतर काटतो. १९३८ मध्ये त्याने कपडे धुण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढच्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. चार सुवर्णपदके घरी असताना हे चालले होते.

विल्मा रुडॉल्फची गोष्ट सहसा पोलिओपासून सुरू होते आणि रोमच्या तीन सुवर्णपदकांपाशी संपते. पायाला आधारपट्टी लावून चालणारी टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलची मुलगी १९६० मध्ये जगातली सर्वांत वेगवान स्त्री झाली, ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी कमी वाटते. मला मात्र त्यापुढची दोन वर्षे अधिक बोलकी वाटतात. रुडॉल्फ टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एड टेम्पलच्या हाताखाली धावत होती. तेथील मुली ‘टायगरबेल्स’ म्हणून ओळखल्या जात. त्यांना आजच्या अर्थाने खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. विद्यापीठातच रोज काही तास काम करून त्या शिक्षणाचा खर्च भागवत. १९६२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, रुडॉल्फ निवृत्त झाली, पुढच्या वर्षी पदवी घेतली आणि शिक्षिका झाली. तिच्यासाठी पुढची पायरीच अस्तित्वात नव्हती. महाविद्यालय संपले की स्त्रीच्या धावण्याला कोणी पैसे देत नव्हते, आणि दिले असते तर नियमाने तिला बाहेर काढले असते. याच टेनेसी स्टेटच्या वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशी सलग दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची शर्यत जिंकली. तोवर कोणा पुरुषालाही हे जमले नव्हते. शिष्यवृत्तीच्या बाबतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा त्यानंतर, १९७२ मध्ये आला.

पुरुषांना निदान पळवाट होती, ती अमेरिकन फुटबॉलची. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बॉब हेजने १०० मीटर १०.० सेकंदांत जिंकले, रिलेच्या शेवटच्या टप्प्यात मागून येऊन सुवर्णपदक खेचून आणले आणि तो सरळ डॅलस काउबॉइज संघात दाखल झाला. तेव्हा त्याचे वय एकवीस होते. त्याचा सर्वोत्तम वेग किती असता हे कोणालाच कळले नाही, कारण फुटबॉलचा पगार घेतला त्या क्षणी ॲथलेटिक्सचे दार बंद झाले. हा नियम किती हास्यास्पद होता ते रेनाल्डो नेहेमायाच्या प्रकरणात दिसते. ऑगस्ट १९८१ मध्ये झुरिक येथे १२.९३ सेकंदांची वेळ देऊन ११० मीटर अडथळा शर्यत तेरा सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला माणूस ठरला. १९८२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सकडून फुटबॉल खेळू लागला. फुटबॉलमधल्या पैशांचा अडथळ्यांवरून उडी मारण्याशी काडीचाही संबंध नसताना त्याला ॲथलेटिक्समध्ये मज्जाव करण्यात आला. झगडून १९८६ मध्ये त्याने परत प्रवेश मिळवला तोवर लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक होऊन गेले होते. १९८० चे मॉस्कोचे ऑलिंपिक तर त्याआधीच अमेरिकेच्या बहिष्कारात गेले होते. जागतिक विक्रमवीर असलेला हा माणूस एकदाही ऑलिंपिकमध्ये धावला नाही.

हौशीपणाचे एक सच्चे उदाहरण मात्र आहे, आणि त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. अल ओर्टर. थाळीफेकीत त्याने १९५६, १९६०, १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, आणि चारही वेळा ऑलिंपिक विक्रमासह. या काळातला बराच भाग तो लाँग आयलँडवरच्या ग्रुमन या विमान कंपनीत संगणक विभागात नोकरी करत होता. दिवसा काम, मग सराव, मग घर. टोकियोत स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी बरगडीजवळची कूर्चा फाटली. मानेचे जुने दुखणे होतेच. छातीला पट्ट्या आवळून आणि बर्फ लावून तो उतरला आणि पाचव्या प्रयत्नात ६१ मीटर थाळी फेकून जागतिक विक्रमवीर लुडविक डानेकला त्याने मागे टाकले. १९६८ नंतर थांबलेला ओर्टर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस परत आला, १९८० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने आयुष्यातली सर्वांत लांब फेक केली आणि अमेरिकेच्या निवड चाचणीत चौथा आला. ओर्टरकडे पाहून जुने पदाधिकारी म्हणू शकत होते की बघा, नोकरी सांभाळून होते की नाही! पण ओर्टर थाळीफेक करत होता. जगभर फिरून आठवड्याला दोन शर्यती धावाव्या लागणाऱ्या माणसाला ग्रुमनने किती रजा दिली असती, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

बदल घडला तो दोन दिशांनी. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हौशी खेळांसंबंधीच्या कायद्यावर सही केली आणि एएयूची सर्व खेळांवरची मक्तेदारी संपली. ॲथलेटिक्ससाठी वेगळी संघटना आली. दुसरी दिशा एडविन मोझेसची. मोझेस हा माझ्या मते अमेरिकन ॲथलेटिक्समधला सर्वांत डोकेबाज माणूस, आणि त्याच्यावर जरा जास्त लिहिण्याची मुभा मी घेतो.

डेटनच्या शिक्षक दांपत्याचा हा मुलगा अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजमध्ये आला तो अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर. विषय भौतिकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकी. कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नव्हता, म्हणून शहरातल्या शाळांच्या ट्रॅकवर सराव. मार्च १९७६ पर्यंत त्याने ४०० मीटर अडथळा शर्यत जवळपास धावलेलीच नव्हती. जुलैमध्ये माँट्रिऑलला त्याने ती ४७.६४ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह जिंकली. ती त्याची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

हे कसे घडले ते समजण्यासाठी या शर्यतीचे गणित पाहायला हवे. ट्रॅकच्या एका फेरीत दहा अडथळे असतात, प्रत्येक ९१.४ सेंटिमीटर उंच. पहिला अडथळा ४५ मीटरवर, पुढच्या प्रत्येक दोघांत ३५ मीटरचे अंतर आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषेपर्यंत ४० मीटर. दोन अडथळ्यांमध्ये किती पावले टाकायची, यावर सगळे अवलंबून असते. पावले विषम असतील तर प्रत्येक अडथळ्यावर तोच पाय पुढे येतो. सम असतील तर पाय आलटून-पालटून येतात आणि ज्याला एकाच पायाची सवय आहे तो अडखळतो. त्या काळचे बहुतेक धावपटू सुरुवातीला १३ पावले टाकत आणि दम कमी झाला की मध्यावर १४ किंवा १५ वर येत. त्या बदलाच्या जागी क्षणभर लय मोडे. उंच, लांब टांगांच्या मोझेसने ठरवले की पहिल्यापासून दहाव्या अडथळ्यापर्यंत तेराच पावले टाकायची. थकलेल्या पायांनी शेवटच्या वळणावरही तेवढीच लांब टांग राखायची, तर त्यासाठी वेगळी ताकद कमवावी लागते. ती त्याने अभियंत्याच्या शिस्तीने, नोंदी ठेवून कमावली. त्याच्या जुन्या चित्रफिती पाहताना माझी नजर आठव्या अडथळ्यावर खिळते. इतरांचे खांदे तेथे ताठरतात, मोझेसचे नाही.

२६ ऑगस्ट १९७७ रोजी बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीच्या हाराल्ड श्मिडने त्याला हरवले. त्यानंतर तो हरला ४ जून १९८७ रोजी माद्रिदमध्ये, एकवीस वर्षांच्या डॅनी हॅरिसकडून. मधल्या नऊ वर्षे, नऊ महिने आणि नऊ दिवसांत तो सलग १२२ शर्यती जिंकला, त्यांपैकी १०७ अंतिम फेऱ्या होत्या. १९८३ मध्ये वाढदिवसाच्या दिवशी कोब्लेन्झला त्याने ४७.०२ सेकंदांचा विक्रम केला आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला दुसरे सुवर्णपदक जिंकले. १९८० चे तर बहिष्काराने गेलेच होते. हरल्यानंतर दोन-तीन महिन्यांत रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याने ४७.४६ सेकंदांत शर्यत जिंकली. हॅरिस आणि श्मिड दोघेही ४७.४८. विजयमालिकेच्या आधी आणि शेवटी त्याला हरवणारे ते दोघे त्याच्या पाठोपाठ, आणि फरक दोन शतांश सेकंदांचा. १९८८ मध्ये सोलला कांस्यपदक घेऊन तो थांबला.

आता पैशांचे. महाविद्यालयानंतर मोझेस एका संरक्षण कंपनीत अभियंता होता. युरोपातल्या स्पर्धांचे आयोजक नामवंतांना पाकिटातून पैसे देत, हे सगळ्यांना माहीत होते आणि सगळे ते नाकारत. मोझेसला हा ढोंगीपणा खुपत होता. खेळाडूंना सरकारी निधी, प्रायोजकांचे पैसे आणि स्पर्धांतले मानधन उघडपणे घेता यावे, ते एका विश्वस्त निधीत जमा व्हावे, त्यातून सरावाचा खर्च भागवता यावा आणि तरीही ऑलिंपिकची पात्रता जाऊ नये, अशी योजना पुढे रेटणाऱ्यांत तो आघाडीवर होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष हुआन अंतोनियो समारांच यांच्यापर्यंत त्याने ती नेली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती मान्य झाली. कागदावर ही तडजोड होती, हौशीपणाचे नाव कायम ठेवून आशय काढून घेणारी. पण तिच्यामुळेच कार्ल लुईस १९८४ ते १९९६ या चार ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळवेपर्यंत टिकला. त्यांतले शेवटचे लांब उडीचे होते, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. लांब उडीत सलग चार, म्हणजे ओर्टरची बरोबरी. फरक एवढाच की लुईसला विमान कंपनीत जावे लागले नाही.

नवा पैसा आला तो मुख्यतः बुटांच्या कंपन्यांकडून, आणि त्यातही एक गंमत आहे. ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी आपला जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याबरोबर १९६४ मध्ये सुरू केलेली छोटी कंपनी म्हणजे पुढची नाइकी. बायकोच्या वॉफल भाजण्याच्या साच्यात रबरासारखे रसायन ओतून बॉवरमन यांनी बुटांचा नवा तळवा करून पाहिला आणि साचा कायमचा वाया घालवला. बॉवरमन यांचाच शिष्य स्टीव्ह प्रीफॉन्टेन महाविद्यालय संपल्यावर साध्या ट्रेलर-घरात राहत असे आणि एएयूविरुद्ध जाहीरपणे बोलत असे. तो मे १९७५ मध्ये चोविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. म्हणजे आज जगभर पैसा वाटणारी कंपनी आणि पैशाविना झगडणारा धावपटू हे दोघे एकाच मैदानावरचे, यूजीनच्या हेवर्ड फील्डवरचे. अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणीही हल्ली तेथेच होते.

या चाचणीचा नियम जगात सर्वांत निर्दय असेल. पात्रतेची अट पुरी केलेल्यांपैकी अंतिम फेरीतले पहिले तीन जातात. निवड समिती नाही, मागच्या कामगिरीला वजन नाही, शिफारस नाही. आपल्याकडच्या निवड समित्यांचे किस्से ऐकून कंटाळलेल्या कोणालाही हा नियम आदर्श वाटेल, मलाही वाटतो, पण त्याची किंमत पाहून मग बोलावे. १९९२ मध्ये डेकॅथलॉनचा, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेचा, जगज्जेता डॅन ओब्रायन न्यू ऑर्लिन्सच्या चाचणीत सात प्रकारांनंतर आरामात पुढे होता. रीबॉक या बुटांच्या कंपनीने त्याच्या आणि डेव्ह जॉन्सनच्या जोडीवर वर्षभर मोठी जाहिरात मोहीम उभारली होती आणि बार्सिलोनात कोण जिंकणार, हा तिचा प्रश्न होता. आठवा प्रकार बांबू उडी. खालच्या उंचींवर शक्ती कशाला घालवा म्हणून ओब्रायनने त्या सोडल्या आणि थेट ४.८० मीटरपासून सुरुवात केली. ही उंची तो सरावात सहज पार करत असे. तिन्ही प्रयत्न फसले. उंची शून्य, म्हणून गुण शून्य, आणि ऑलिंपिकला जाणाऱ्या तिघांत नाव नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या तालाँस येथे त्याने ८८९१ गुणांचा जागतिक विक्रम केला. ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी त्याला १९९६ पर्यंत थांबावे लागले.

केनी हॅरिसनचे प्रकरण याहून ताजे आहे. २०१६ च्या चाचणीत ती १०० मीटर अडथळा शर्यतीत सहावी आली. दोनच आठवड्यांनी लंडनमध्ये तिने १२.२० सेकंदांची वेळ देऊन १९८८ पासून टिकलेला जागतिक विक्रम मोडला. या शर्यतीत तोवरची जगातली सर्वांत वेगवान ठरलेली ही स्त्री रिओची शर्यत घरी बसून पाहणार होती. बुटांच्या करारात अशा वर्षाचा अर्थ फक्त मानहानी एवढाच नसतो. अनेक करारांत ऑलिंपिक संघात स्थान, पदक, जागतिक क्रमवारी यांवर रक्कम वाढते, आणि ती न गाठल्यास कपातीची कलमेही असतात. चाचणीतल्या एका अडथळ्याला गुडघा लागला की घरभाड्याचे गणित बदलते.

निक सिमंड्सने ही व्यवस्था जाहीरपणे चव्हाट्यावर आणली. ८०० मीटरच्या या धावपटूने २०१२ च्या सुरुवातीला आपल्या डाव्या खांद्यावरची जागा ईबेवर लिलावाला काढली. हंगामभर त्या जागी प्रायोजकाचे नाव तात्पुरत्या गोंदणात मिरवायचे. ११,१०० डॉलरला ती एका जाहिरात कंपनीने घेतली. मोठ्या स्पर्धांत नियमाप्रमाणे ते नाव पट्टी लावून झाकावे लागे, आणि त्या पांढऱ्या पट्टीचीच जास्त चर्चा होई. २०१३ मध्ये मॉस्कोला त्याने जागतिक रौप्यपदक जिंकले. २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेता असूनही त्याला जागतिक स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले, कारण संघाच्या अधिकृत कार्यक्रमांत नाइकीचेच कपडे घालण्याची लेखी हमी देण्यास त्याने नकार दिला. तेव्हा त्याचा स्वतःचा करार ब्रूक्स या दुसऱ्या बुटांच्या कंपनीशी होता. ‘अधिकृत कार्यक्रम’ म्हणजे नेमके काय, हॉटेलातला नाश्ताही त्यात येतो का, असा त्याचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. राष्ट्रीय संघटना प्रायोजकाकडून दशकांच्या मुदतीचे करार करून घेते आणि ज्यांच्या अंगावर ते कपडे चढणार त्यांना त्या खोलीत खुर्ची नसते.

ॲलिसन फेलिक्सने जे केले त्याचा परिणाम याहून दूरवर गेला. लॉस एंजेलिसची ही मुलगी शाळा संपताच व्यावसायिक झाली. आदिदासने तिच्या विद्यापीठाची फी भरली, आणि व्यावसायिक असल्याने ती त्याच विद्यापीठाच्या संघातून धावू शकत नव्हती. अठराव्या वर्षी अथेन्सला २०० मीटरचे रौप्य, २०१२ मध्ये लंडनला २१.८८ सेकंदांत सुवर्ण. पुढे नाइकीशी झालेला तिचा करार २०१७ च्या अखेरीस संपला आणि नव्या वाटाघाटींत आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ करण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये, गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढल्यामुळे, बत्तिसाव्या आठवड्यात तातडीची शस्त्रक्रिया करून तिच्या मुलीचा जन्म झाला. बाळंतपणाच्या आगेमागे कामगिरी खालावली तर पैसे कापले जाणार नाहीत, एवढी लेखी हमी तिने मागितली होती. ती मिळाली नाही, आणि मे २०१९ मध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे सगळे नावानिशी लिहिले. त्याआधी काही दिवस ८०० मीटरची धावपटू अलिशिया मोंटान्यो हिनेही याच विषयाला तोंड फोडले होते. मोंटान्यो २०१४ मध्ये आठव्या महिन्यात असताना राष्ट्रीय स्पर्धेत धावली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये नाइकीने आपले धोरण बदलून अठरा महिन्यांच्या काळासाठी कपात न करण्याचे जाहीर केले.

फेलिक्सने तोवर दुसरा रस्ता धरला होता. आधी कपड्यांच्या अॅथलीटा या कंपनीशी करार, मग स्वतःची सेश ही बुटांची कंपनी. २०२१ मध्ये टोकियोत, पस्तिसाव्या वर्षी, स्वतःच्या कंपनीचे बूट घालून तिने ४०० मीटरचे कांस्य ४९.४६ सेकंदांत जिंकले, मग ४×४०० मीटर रिलेचे सुवर्ण. एकूण पदके अकरा, लुईसपेक्षा एक जास्त. ते कांस्यपदक मला तिच्या सगळ्या सुवर्णपदकांहून वरचे वाटते.

पैशाची वाट आता मोकळी आहे असे म्हणावे, तर २०२५ चे वर्ष आडवे येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जागतिक संघटनेने ॲथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णपदकाला प्रथमच ५०,००० डॉलर दिले. अमेरिकन ऑलिंपिक समितीचे ३७,५०० डॉलर वेगळे. त्याच सुमारास मायकेल जॉन्सनने, अटलांटात १९.३२ सेकंदांत २०० मीटर धावलेल्या त्याच जॉन्सनने, ग्रँड स्लॅम ट्रॅक नावाची मालिका जाहीर केली. आपल्या गटात पहिल्या येणाऱ्याला एका स्पर्धेचे १,००,००० डॉलर. २०२५ मध्ये किंग्स्टन, मायामी आणि फिलाडेल्फिया येथे स्पर्धा झाल्या, लॉस एंजेलिसची चौथी रद्द झाली आणि धावून झालेल्या स्पर्धांची बक्षिसे महिनोन्महिने थकली. या मालिकेत उतरलेल्यांपैकी एक गॅबी थॉमस, पॅरिसमध्ये २०० मीटरसह तीन सुवर्णपदके जिंकलेली. हार्वर्डमध्ये तिने मेंदूविज्ञान शिकले, नंतर सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घेतली, आणि धावणे सांभाळून ती ऑस्टिनमध्ये विमा नसलेल्या रुग्णांच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या रुग्णांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करत आली आहे. या मंडळींपैकी २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये कोण उतरेल याचा अंदाज बांधताना मी हंगामातल्या वेळा पाहीनच, पण त्याआधी कोणाचा बुटांचा करार कोणत्या वर्षाच्या डिसेंबरात संपतो आहे ते शोधीन.